विमान रद्द झालं, आता काय? ओझर आणि मुंबईहून उडणाऱ्या नाशिककरांसाठी

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि देशभरच्या विमानतळांवर माणसं बॅगांवर डोकं टेकून झोपलेली सगळ्यांनी पाहिली. वैमानिकांच्या ड्युटीच्या तासांचे नवे नियम लागू झाले होते आणि कंपनीची तयारी नव्हती. त्या दिवसांत ओळखीपाळखीतल्या कितीतरी जणांचे मला फोन आले. पैसे मिळतील का, हॉटेल कोण देणार, तक्रार कुठं करायची? काउंटर, ईमेल, तक्रार या सगळ्या फेऱ्यांतून मी त्याआधीच गेले होते, म्हणून मला विचारत होते. तेव्हा फोनवर तुटक तुटक जे सांगितलं ते इथं नीट क्रमानं लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. विमान कंपनी स्वतःहून फार कमी देते. जे मागाल ते मिळतं, आणि लेखी मागाल तर पुढं कामी येतं. कोणते हक्क मागायचे हे डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याच्या, एका नियमावलीत आहे: सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्स, सेक्शन ३, सिरीज एम, भाग ४. हे नाव मोबाईलमध्ये लिहून ठेवा. काउंटरवर नुसतं 'सिरीज एम, भाग ४ प्रमाणे' म्हटलं तरी समोरच्याचा सूर बदलतो.

१. तिकीट काढताना आणि घरून निघताना

स्वतःचा मोबाईल नंबर आणि ईमेल तिकिटावर आहे ना, ते बघा. एजंटाकडून तिकीट काढलं की बऱ्याचदा तिथं एजंटाचाच नंबर असतो. रद्द झाल्याचा निरोप त्याला जातो, तो दुकान बंद करून घरी गेलेला असतो आणि तुम्ही पहाटे ओझरला पोचलेले असता. बरं, प्रवाशानं पुरेसा संपर्क दिला नसेल तर भरपाई देण्याचं बंधन नाही, असं नियमातच आहे. म्हणजे एका चुकीच्या नंबरापायी हक्काचे पैसे जातात.

वेब चेक-इन घरीच करा आणि बोर्डिंग पास फोनमध्ये उतरवून घ्या. उशीर झाल्यावर मिळणारं खाणं-पिणं हे वेळेत चेक-इन केलेल्यांसाठी असतं. कसारा घाटात कंटेनर आडवा झाला आणि तुम्ही काउंटर बंद झाल्यावर मुंबईला पोचलात, तर विमान मागाहून कितीही रेंगाळो, तुमची गणना 'नो शो'त, म्हणजे वेळेत न आलेल्यांत, होऊ शकते. देशांतर्गत प्रवासात काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. समृद्धी महामार्ग इगतपुरीच्या पुढं आमणेपर्यंत जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून घाट टाळता येतो, पण भिवंडी-ठाण्याचं वाहतुकीचं जंजाळ आहे तिथंच आहे. वेळ हातात ठेवूनच निघा.

जोडून विमान असेल तर दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर काढा. ओझर-दिल्ली एक तिकीट आणि दिल्लीहून परदेशाचं दुसरं तिकीट, असं थोडे पैसे वाचवायला लोक करतात. पहिलं विमान लटकलं आणि दुसरं चुकलं, तर दुसरी कंपनी म्हणते, तुम्ही आलाच नाहीत. आणि पहिली म्हणते, आम्ही तुम्हाला दिल्लीपर्यंतच आणणार होतो. एकाच तिकिटावर असतं तर पुढं पोचवण्याची जबाबदारी कंपनीचीच.

२. नक्की काय झालंय ते आधी ठरवा

रद्द होणं, उशीर होणं आणि तिकीट पक्कं असूनही विमानात न घेणं या तिन्हींचे नियम वेगळे आहेत. काउंटरवरची माणसं कधी कधी मुद्दाम 'रीशेड्यूल' असा मधला शब्द वापरतात. तेव्हा सरळ विचारा: हे उड्डाण रद्द आहे की उशिरा जाणार आहे? जाणार असेल तर त्याच क्रमांकानं आणि किती वाजता?

३. रद्द झालं असेल तर

पर्यायी उड्डाण किंवा पूर्ण पैसे परत, यांतलं जे तुम्हाला चालेल ते. निवड तुमची, कंपनीची नाही. कारण काहीही असो, हे दोन पर्याय कायम असतात. विमानतळावर येऊन पोचला असाल आणि पर्यायी विमानाची वाट पाहत असाल, तर तेवढ्या वेळाचं खाणं-पिणंही.

त्यावर रोख भरपाई कधी? कंपनीनं उड्डाणाच्या किमान २४ तास आधी कळवलं नसेल तेव्हा. रक्कम उड्डाणाला वेळापत्रकाप्रमाणे किती तास लागतात यावर अवलंबून असते: १ तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, १ ते २ तासांच्या उड्डाणाला ७,५०० आणि २ तासांपेक्षा जास्त असेल तर १०,०००. पण इथं एक मेख आहे. ही रक्कम किंवा तुमचं एकेरी मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यांतलं जे कमी असेल ते मिळतं.

समजा तुमचं तिकीट ५,८०० रुपयांचं आहे. त्यात मूळ भाडं ४,२००, इंधन अधिभार ४०० आणि बाकी कर व शुल्क. उड्डाण पावणेदोन तासांचं. मग भरपाई ७,५०० नाही, ४,६०० रुपये. शिवाय ५,८०० रुपये परत किंवा दुसऱ्या विमानात जागा. म्हणून तिकिटाचं नुसतं पीडीएफ पुरत नाही, भाड्याची फोड दाखवणारं पान जपून ठेवा.

आता सूट कुठं आहे ते. नैसर्गिक आपत्ती, पूर, दंगल, संप, सरकारी आदेश, खराब हवामान, एअर ट्रॅफिक कंट्रोल, सुरक्षेचा धोका अशा कारणांनी रद्द झालं तर रोख भरपाई नाही. दिल्लीचं डिसेंबर-जानेवारीतलं धुकं यातच येतं, त्यावर भांडून उपयोग नाही. 'क्रू उपलब्ध नाही' किंवा 'तांत्रिक बिघाड' ही कारणं मात्र त्या यादीत नावानिशी नाहीत. कंपनी 'आमच्या हाताबाहेरचं होतं' या मोघम वाक्याखाली ती ढकलू पाहते. म्हणूनच कारण लेखी घेणं इतकं महत्त्वाचं आहे.

४. उशीर होत असेल तर

उशिराबद्दल रोख भरपाई या नियमावलीत नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि त्यावरून लोक काउंटरवर घसा कोरडा करतात. उशिरात मिळतं ते असं:

अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला २ तास किंवा जास्त उशीर होणार असेल तर खाणं-पिणं. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला ही मर्यादा ३ तासांची, त्याहून लांबच्या उड्डाणाला ४ तासांची. ओझरहून सुटणारी सगळी विमानं पहिल्या गटातली आहेत, म्हणजे तुमच्यासाठी २ तास एवढंच लक्षात ठेवा.

देशांतर्गत उड्डाणाला ६ तासांपेक्षा जास्त उशीर असेल तर ६ तासांच्या आत पर्यायी उड्डाण किंवा पूर्ण पैसे परत.

२४ तासांपेक्षा जास्त उशीर असेल, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ च्या दरम्यान सुटणाऱ्या विमानाला ६ तासांपेक्षा जास्त उशीर असेल, तर गरजेप्रमाणे हॉटेल आणि तिथवर नेण्या-आणण्याची सोय. यातल्या 'गरजेप्रमाणे' या शब्दावर नाशिककर अडतो. मुंबईला काउंटरवर ऐकायला मिळतं, "तुम्ही तर जवळचेच, घरी जाऊन या." नम्रपणे सांगा की नाशिक पावणेदोनशे किलोमीटर आहे, जायला चार तास आणि यायला चार तास, आणि सकाळी पुन्हा दोन तास आधी हजर व्हायचं आहे. आधार कार्डावरचा पत्ता दाखवा. मालेगाव, नंदुरबार, धुळ्याकडून ओझरला येणाऱ्यांनीही हेच करावं.

५. तिकीट पक्कं असूनही विमानात घेतलं नाही तर

जास्त तिकिटं विकली गेली की कंपनीनं आधी स्वखुशीनं मागं राहणारे शोधायचे असतात. तुम्हाला तुमच्या मनाविरुद्ध उतरवलं आणि मूळ वेळेपासून तासाभरात दुसरं विमान दिलं, तर भरपाई नाही. २४ तासांच्या आत दिलं तर मूळ भाडं अधिक इंधन अधिभाराच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. २४ तासांनंतर दिलं तर चौपट, कमाल २०,०००. दुसरं विमान नकोच म्हणालात तर तिकिटाचे सगळे पैसे आणि वर चौपट, तीच २०,००० ची मर्यादा. वरच्या उदाहरणातल्या तिकिटावर दुप्पट म्हणजे ९,२०० आणि चौपट म्हणजे १८,४००.

६. काउंटरवर काय करायचं

सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं, म्हणून हे सावकाश वाचा.

मुंबईला एका रात्री माझ्या पुढं रांगेत सिन्नरचे एक काका-काकू होते. काकूंचं इन्सुलिन चेक-इन केलेल्या बॅगेत होतं. काउंटरवरच्या मुलानं मान वर न करता सांगितलं, "सर, ॲपवर रिफंडचं बटण आलंय, दाबून टाका, पैसे येऊन जातील." काकांचा अंगठा बटणावर टेकणार तेवढ्यात मी त्यांना थांबवलं. ते बटण दाबलं की तिकीट संपतं. मग पर्यायी विमान नाही, जेवण नाही, हॉटेलचा विषयच नाही. तुम्ही स्वतःच पैसे परत घेतले, अशी नोंद होते. आणि त्या रात्री दुसऱ्या दिवशीचं तिकीट चढ्या भावानं विकलं जात होतं. काकांनी बटण दाबलं नाही. 'पर्यायी उड्डाण हवंय, बायकोला मधुमेह आहे, बॅग आत्ता हवी' एवढंच ते शांतपणे म्हणत राहिले. सकाळच्या विमानात जागा मिळाली, जेवणाची कुपनं मिळाली, आणि तासाभरात बॅग पट्ट्यावर आली.

तर क्रम असा ठेवा. ॲपवर किंवा मेसेजमधल्या लिंकवर काहीही निवडण्याआधी काउंटरवर पर्याय विचारा. रांग लांब असेल तर एक जण रांगेत उभा राहू द्या आणि दुसऱ्यानं कस्टमर केअरला फोन लावावा. दोन्हीकडं मिळणारी उत्तरं वेगळी असू शकतात, बरं असेल ते धरा.

मग कारण लेखी मागा. छापील प्रमाणपत्र मिळालं तर उत्तम. नाही म्हणाले तर बोर्डिंग पासच्या मागं लिहून द्या म्हणा. माझ्याकडं अजून तो कागद आहे: मागच्या बाजूला निळ्या बॉलपेननं 'क्रू नॉन-अव्हेलेबिलिटी', खाली तारीख, वेळ आणि तिरका बसलेला शिक्का. पुढच्या सगळ्या पत्रव्यवहारात त्या दोन शब्दांनीच काम केलं. तेही देत नसतील तर तिथंच उभं राहून कंपनीच्या अधिकृत ईमेलवर लिहा: 'काउंटरवर मला अमुक कारण सांगण्यात आलं, लेखी देण्यास नकार दिला, वेळ अमुक.' त्या क्षणी पाठवलेल्या ईमेलला वजन असतं.

क्रेडिट शेल (म्हणजे पैसे कंपनीकडंच पुढच्या तिकिटासाठी जमा ठेवणं) किंवा व्हाउचर देऊ केलं तर ते घ्यायचं की नाही, हे सर्वस्वी तुम्ही ठरवायचं. परतावा क्रेडिट शेलमध्ये ठेवणं हा प्रवाशाचा पर्याय आहे, कंपनी तो लादू शकत नाही. क्रेडिट कार्डानं पैसे भरले असतील तर ७ दिवसांत परतावा मिळायला हवा. एजंटाकडून किंवा वेबसाइटवरून तिकीट घेतलं असलं, तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच राहते, 'एजंटाकडं जा' हे उत्तर पुरेसं नाही.

स्वतःच्या पैशानं खाल्लंत, टॅक्सी केलीत, लॉजवर राहिलात तर जीएसटी बिल घ्या. चहा-वडापावचं बिल कोण मागतो, असं वाटेल, पण मागा. आणि तिथल्या मुलांवर ओरडू नका. निर्णय त्यांच्या हातात नसतो, ड्युटी मॅनेजरला बोलावणं मात्र त्यांच्या हातात असतं.

वृद्ध, अपंग, लहान मुलं सोबत असतील तर हे आधी सांगा. हालचालीत अडचण असणाऱ्या प्रवाशांकडं विशेष लक्ष द्यावं असं नियमात आहे.

७. ओझरचं गणित वेगळं आहे

ओझरचा विमानतळ एचएएलचा (हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा), टर्मिनल जानोरीच्या बाजूला, शहरापासून साधारण वीस किलोमीटर. इथं दिवसाला मोजकी विमानं. विमान बाहेरून येतं, प्रवासी उतरवतं आणि तेच परत जातं. त्यामुळं तुमच्या विमानाला उशीर होणार का, हे कंपनीच्या आधी तुम्हालाच कळू शकतं. फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपवर येणारं विमान तिकडून सुटलं का ते बघा. हैदराबादहून ते हललंच नसेल तर ओझरच्या फलकावर 'वेळेवर' असलं तरी घाई करू नका. पण चेक-इनची वेळ चुकवूही नका, ती वेळापत्रकाप्रमाणेच धरली जाते.

सोडायला आलेली गाडी बोर्डिंग सुरू होईपर्यंत परत पाठवू नका. रात्री तिथून शहराकडं यायला रिक्षा किंवा कॅब मिळणं अवघड असतं.

रद्द झालं तर त्याच मार्गाचं पुढचं विमान दुसऱ्या दिवशी, कधी त्याहूनही उशिरा असतं. अशा वेळी मुंबई किंवा शिर्डीहून जागा द्या, असं मागा, आणि तिथवर नेण्याची सोयही मागा. कंपनीवर दुसऱ्या विमानतळाहून नेण्याची सक्ती असल्याचं मी म्हणणार नाही, पण मागणाऱ्यांना मिळतं आणि न मागणाऱ्यांना कुणी सुचवत नाही. मुंबईची जागा दिली तर नवी वेळ आणि टर्मिनल लेखी घ्या. घाट उतरून जाण्याइतका वेळ उरतोय का, ते बघूनच हो म्हणा.

दिल्लीला पोचणं अगदीच गरजेचं असेल तर मुंबई-हजरत निजामुद्दीन राजधानी संध्याकाळी नाशिकरोडला थांबते, करंट बुकिंगमध्ये जागा आहे का ते बघा. मात्र स्वतःची सोय करण्याआधी 'आज पर्यायी उड्डाण देता येत नाही' असं कंपनीकडून लेखी घ्या. जादा खर्च मागताना तेच पहिलं विचारलं जातं.

सिंहस्थाच्या काळात, ऑक्टोबर २०२६ पासून पुढं, त्र्यंबकेश्वर आणि पंचवटीला येणाऱ्या भाविकांमुळं इथल्या सगळ्याच वाहतुकीवर ताण येणार. बाहेरगावच्या पाहुण्यांना तिकीट काढून देत असाल तर नंबर त्यांचाच टाका.

८. सामान

बॅग आली नाही किंवा फुटून आली, तर बाहेर पडण्याआधी पट्ट्याजवळच्या काउंटरवर पीआयआर, म्हणजे सामानाच्या तक्रारीचा फॉर्म, भरून घ्या. घरी येऊन फोन करू म्हणालात तर बॅग तिथंच तुटली हे सिद्ध करताना नाकी नऊ येतात. फुटलेल्या सामानाची लेखी तक्रार ७ दिवसांत, उशिरा आलेल्या सामानाची २१ दिवसांत करायची. देशांतर्गत प्रवासात सामानाची भरपाई प्रवाशामागं कमाल २०,००० रुपये. म्हणून दागिने, औषधं, मूळ कागदपत्रं आणि लॅपटॉप हातातल्या बॅगेतच.

९. परदेश प्रवास असेल तर

युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघणारं विमान, मग कंपनी भारतीय असो की परदेशी, कंपनीच्या दोषामुळं ३ तास किंवा जास्त उशिरा पोचलं तर अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरो मागता येतात. मुलाकडं जर्मनीला जाऊन येणाऱ्या आई-वडिलांना हे आवर्जून सांगा, परतीच्या प्रवासाला ते लागू होतं.

१०. घरी आल्यावर तक्रार

आधी हे एका फोल्डरमध्ये गोळा करा: तिकीट आणि भाड्याची फोड, बोर्डिंग पास, आलेले सगळे एसएमएस आणि ईमेल यांचे स्क्रीनशॉट, लेखी कारण, फलकाचा फोटो, खर्चाची बिलं, फोन केल्याच्या वेळा आणि परताव्यासाठी बँक तपशील. ओटीपी किंवा कार्डाचा पिन कुणालाही नाही. उड्डाणं रद्द होण्याच्या दिवसांत 'रिफंड देतो' म्हणणारे भामटे फिरतात. कस्टमर केअरचा नंबर गुगलवरून न घेता कंपनीच्या ॲपमधूनच घ्या.

पहिली तक्रार कंपनीच्या नोडल ऑफिसरला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला. पत्र छोटं असू द्या. असं चालेल:

"माझं पीएनआर अमुक, दिनांक अमुक, ओझर ते अमुक हे उड्डाण रद्द झाल्याचं मला सुटण्याच्या अमुक तास आधी कळवलं. कारण 'क्रू उपलब्ध नाही' असं लेखी दिलं आहे, प्रत सोबत. डीजीसीएच्या सेक्शन ३, सिरीज एम, भाग ४ प्रमाणे मला अमुक रुपये भरपाई आणि सोबतच्या बिलांप्रमाणे अमुक रुपये खर्च १५ दिवसांत मिळावा."

राग, मनस्ताप, सुट्टी वाया गेली हे सगळं खरं असतं, पण ते या पत्रात नको. ते ग्राहक आयोगासाठी ठेवा, तिथं मानसिक त्रासाचीही भरपाई मागता येते.

उत्तर आलं नाही किंवा टोलवाटोलवी झाली तर कंपनीच्या अपिलीय अधिकाऱ्याकडं आणि सोबतच केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर. तिथं तक्रार क्रमांक मिळतो आणि कंपनीला उत्तर द्यावं लागतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंदवता येते.

तिथंही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं मुख्य कार्यालय गुरुग्रामला असलं आणि तिकिटाच्या अटींमध्ये दिल्लीच्या न्यायालयांचं नाव छापलेलं असलं, तरी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारदार जिथं राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे नाशिकलाच. तिकिटासाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची. कंपनीबरोबरचा पत्रव्यवहार लांबत गेला म्हणून ती आपोआप वाढत नाही, त्यामुळं घटनेची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. सहा महिन्यांत कंपनीकडून समाधानकारक उत्तर आलं नाही तर पुढं थांबू नका, सरळ आयोगात जा.